वाइड अँगल लेन्स कशी निवडावी: सेन्सरच्या नोंदीपासून चार कोपऱ्यांच्या चाचणीपर्यंत

हौसेने घेतलेली वाइड अँगल लेन्स काही महिन्यांतच बॅगेत पडून राहते, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की दोष लेन्समध्ये नसून निवडीच्या क्रमात आहे, याची मला खात्री पटली आहे. बहुतेक वेळा आधी खर्चाचा आकडा ठरतो, मग त्या आकड्यात बसणाऱ्या लेन्सेसपैकी सर्वांत कमी मिलिमीटरची किंवा सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत येण्याच्या छिद्राची) लेन्स निवडली जाते, आणि आपण नेमके काय आणि किती अंतरावरून टिपतो, हा प्रश्न पैसे मोजून झाल्यावर उभा राहतो. या लेखात तोच क्रम उलटा मांडला आहे. एकही टप्पा गाळू नये, आणि शक्यतो प्रत्येक टप्प्याचे उत्तर कागदावर लिहून मगच पुढे जावे.

## टप्पा १: सेन्सरचा आकार आणि माउंट लिहून ठेवा

लेन्सवर मिलिमीटरमध्ये छापलेली फोकल लेंथ (आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद) हा लेन्सचा गुणधर्म आहे. ती कोणत्याही कॅमेऱ्यावर बदलत नाही. त्या लेन्समधून प्रत्यक्षात किती रुंद दृश्य टिपले जाईल, हे मात्र सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या चिपच्या, आकारावर ठरते. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी असतो. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्म यांचे एपीएस-सी सेन्सर त्याच्या तुलनेत सुमारे १.५ पटीने, कॅननचे १.६ पटीने आणि मायक्रो फोर थर्ड्सचे २ पटीने लहान असतात. या पटीलाच क्रॉप फॅक्टर म्हणतात. लेन्सची फोकल लेंथ या आकड्याने गुणली की फुल फ्रेमवर तेवढेच दृश्य देणारी फोकल लेंथ मिळते.

येथे दोन चुका नेहमी होतात. पहिली चूक म्हणजे कोणाच्या तरी सांगण्यावरून २४ मिमीची लेन्स एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी घेणे. तेथे ती ३६ मिमीसारखी वागते, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ मिमी लेन्सच्या रुंद टोकापेक्षाही कमी दृश्य टिपते. १६-३५ मिमीची महागडी फुल फ्रेम झूमही त्याच कॅमेऱ्यावर २४-५२ मिमीसारखी, म्हणजे साध्या सर्वसाधारण झूमसारखी होते. दुसरी चूक थोडी सूक्ष्म आहे. एपीएस-सीसाठीच बनवलेल्या १०-१८ मिमी लेन्सचा आकडा आधीच हिशेब करून लिहिलेला असेल, असे अनेकांना वाटते. तसे नसते. तिलाही १.५ किंवा १.६ ने गुणावेच लागते.

माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्याच्या, बाबतीत केवळ लेन्स कॅमेऱ्यावर बसते एवढे पुरत नाही. कॅननच्या एपीएस-सीसाठीच्या ईएफ-एस लेन्सेस फुल फ्रेम डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) बसतच नाहीत. निकॉनच्या एपीएस-सीसाठीच्या डीएक्स लेन्सेस फुल फ्रेम कॅमेऱ्यावर बसतात, पण कॅमेरा चित्राचा मधला भाग तेवढाच वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे सुमारे १० मेगापिक्सेल उरतात. ज्या निकॉन डीएसएलआरमध्ये फोकसची मोटर नसते, त्यांवर स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्सेस हाताने फोकस कराव्या लागतात, तर काही जुन्या कॅमेऱ्यांवर एएफ-पी लेन्सेसचा फोकस चालतच नाही.

पडताळणी: कागदावर तीन गोष्टी असाव्यात: माउंटचे नाव, क्रॉप फॅक्टर आणि सध्याच्या लेन्सचे रुंद टोक फुल फ्रेमच्या भाषेत किती मिमी होते तो आकडा. येथून पुढे या लेखातील फोकल लेंथचे आकडे फुल फ्रेमच्या भाषेत आहेत. एखाद्या विशिष्ट लेन्सचे नाव घेतले असेल तेथे मात्र तिच्यावर छापलेला आकडा दिला आहे.

## टप्पा २: जुन्या छायाचित्रांची छाननी करा

प्रत्येक डिजिटल छायाचित्रासोबत त्याची फोकल लेंथ साठवलेली असते आणि कोणत्याही संपादन सॉफ्टवेअरमध्ये त्यानुसार छायाचित्रे गाळून काढता येतात. सध्याच्या लेन्सच्या सर्वांत रुंद टोकावर काढलेली दोनशे-अडीचशे छायाचित्रे बाजूला काढावीत आणि त्यांचे तीन गठ्ठे करावेत.

पहिल्या गठ्ठ्यात अशी छायाचित्रे ठेवावीत जेथे दृश्य चौकटीत मावत नव्हते आणि मागे सरकायलाही जागा नव्हती. दुसऱ्यात मावत नव्हते, पण चार पावले मागे जाऊन मावले असते, अशी ठेवावीत. तिसऱ्या गठ्ठ्यात सारे काही मावलेले असते, पण मुख्य विषय लहान पडलेला असतो आणि चित्र रिकामे वाटते. नव्या लेन्सची खरी गरज केवळ पहिला गठ्ठा दाखवतो. तिसरा गठ्ठा मोठा असेल, तर अधिक रुंद लेन्सने चित्रे अधिकच रिकामी होतील. तेथे उपाय विषयाच्या जवळ जाण्याचा आहे आणि त्याला खर्च येत नाही.

त्यानंतर एक आठवडा सध्याची झूम लेन्स रुंद टोकावर चिकटपट्टीने पक्की करून वापरावी. अनेक फोनमधला अल्ट्रा वाइड कॅमेरा साधारण १३ मिमीइतके दृश्य टिपतो. तोही याच आठवड्यात मुद्दाम वापरावा. त्या कोनातून चौकट पाहणे आवडते की प्रत्येक वेळी कडा कापून टाकाव्याशा वाटतात, हे पैसे खर्च न करता कळते. दृश्य स्थिर असेल तर कॅमेरा उभा धरून, एक-तृतीयांश भाग एकमेकांवर येईल अशी तीन-चार चित्रे घेऊन ती सॉफ्टवेअरने जोडूनही पाहावीत. ज्यांना वर्षातून पाच-सहा वेळाच रुंद दृश्य हवे असते, त्यांचे काम येथेच भागते, आणि त्यांनी पुढचे टप्पे न वाचता पैसे वाचवावेत असे मी मनापासून सांगेन.

## टप्पा ३: आधी अंतर ठरवा, मग फोकल लेंथ

सर्वाधिक वेळ याच टप्प्याला द्यावा, कारण लेन्स बॅगेत पडून राहण्याचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

फुल फ्रेमवर आडव्या चौकटीत किती रुंदी मावेल, हे काढण्यासाठी ३६ ला फोकल लेंथने भागावे आणि येणाऱ्या उत्तराला विषयापर्यंतच्या अंतराने गुणावे. तीन मीटर अंतरावरून ३५ मिमीमध्ये सुमारे ३.१ मीटर रुंदी मावते. त्याच जागेवरून २८ मिमीमध्ये ३.९, २४ मिमीमध्ये ४.५, २० मिमीमध्ये ५.४, १६ मिमीमध्ये ६.७५ आणि १४ मिमीमध्ये ७.७ मीटर. आपण ज्या जागांमध्ये, ज्या विषयांसमोर नेहमी उभे राहतो, त्यांचे खरे अंतर आणि खरी रुंदी एकदा टेपने मोजून हा हिशेब करावा. अंदाजाने केलेली निवड जवळपास नेहमीच गरजेपेक्षा जास्त रुंद निघते.

आता दुसरी बाजू पाहू. २४ मिमीऐवजी १६ मिमी लावली की चौकट दीडपट रुंद होते, पण त्याच वेळी प्रत्येक वस्तू दोन-तृतीयांश आकाराची होते आणि तिने चित्रात व्यापलेले क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी उरते. समोरची डोंगररांग भव्य दिसावी म्हणून १६ मिमी लावणाऱ्याच्या चित्रात ती रांग क्षितिजावरची बारीक रेघ होते, याचे कारण हेच आहे. दृश्यातील वस्तूंचे परस्परांशी असलेले आकारमान लेन्स ठरवत नाही. ते आपण उभे असतो त्या जागेवरून ठरते. रुंद लेन्सचा खरा उपयोग एखाद्या वस्तूच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर जाऊन ती मोठी दाखवणे आणि तिच्यामागे उरलेले सारे दृश्य टिकवणे हा आहे. जवळ जाण्याची सवय किंवा मुभा नसेल, तर १६ मिमीची लेन्स कितीही उत्तम असली तरी तिच्यातून चांगली चित्रे येणार नाहीत.

रुंद टोकाला प्रत्येक मिलिमीटरची किंमत मोठी असते, हेही लक्षात ठेवावे. ५० आणि ५२ मिमी यांच्या आडव्या कोनांत जेमतेम दीड अंशाचा फरक आहे, तर १६ आणि १४ मिमीमध्ये तो साडेसात अंशांचा, म्हणजे सुमारे ९७ अंशांवरून १०४ अंशांपर्यंतचा आहे. माहितीपत्रकावर दोनच मिलिमीटर दिसतात म्हणून ते किरकोळ समजू नयेत.

निसर्गदृश्ये. १६ ते ३५ मिमी हा पट्टा बहुतेकांना पुरतो. पायाजवळचा दगड, पाण्याची धार, गवताचा पुंजका असे काही पुढ्यात घेऊन रचना करणाऱ्याला १६ ते २० मिमी उपयोगी पडते. लांबचे दृश्य टिपणाऱ्याला २४ ते ३५ मिमी अधिक योग्य.

खोल्या आणि इमारती. १६ ते २४ मिमी. याहून रुंद लेन्सने खोली प्रत्यक्षापेक्षा फार मोठी दिसते आणि कडेचे फर्निचर ताणले जाते. जागा दाखवण्यासाठी चित्र काढायचे असेल तर ही पाहणाऱ्याची फसवणूक ठरते. इमारतीच्या उभ्या रेषा सरळ राहण्यासाठी कॅमेरा समपातळीत धरावा लागतो. तो वर झुकवून नंतर सॉफ्टवेअरने रेषा सरळ केल्या तर चौकटीच्या कडा कापल्या जातात, म्हणून इमारती टिपणाऱ्याने हिशेबाने आलेल्या आकड्यापेक्षा दोन-चार मिलिमीटर रुंद लेन्स धरावी. हेच काम व्यवसाय म्हणून करायचे असल्यास शिफ्ट लेन्सचा (कॅमेरा न झुकवता चौकट वर-खाली सरकवणाऱ्या लेन्सचा) विचार करावा.

रस्ता, समारंभ, माणसे. २४ ते ३५ मिमी. माणसे कडेला आली की चेहरे रुंद होतात. यात लेन्सची खराबी नसून सरळ रेषा सरळ ठेवणाऱ्या प्रत्येक रुंद लेन्सचे ते भूमितीय लक्षण आहे. आडव्या चौकटीच्या डाव्या किंवा उजव्या टोकाशी असलेला चेंडू १६ मिमीवर उंचीच्या सुमारे दीडपट रुंद दिसतो, २४ मिमीवर सव्वापट आणि ३५ मिमीवर जेमतेम एक-अष्टमांशाने जास्त. समूहछायाचित्र १६ मिमीने काढल्यास कडेला उभ्या असलेल्या प्रत्येकावर अन्याय होतो.

रात्रीचे आकाश. १४ ते २४ मिमी. येथे अ‍ॅपर्चरचा विचार अधिक महत्त्वाचा असल्याने तो पाचव्या टप्प्यात केला आहे.

कॅमेरा स्वतःकडे वळवून केलेला व्हिडिओ. हातभर अंतरावरून चेहरा आणि मागचा परिसर दोन्ही हवे असतील तर २० मिमी किंवा त्याहून रुंद लागते, कारण कॅमेऱ्याचे इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण चालू केले की चौकटीच्या कडा कापल्या जातात.

सावधान: फिशआय लेन्स आणि साधी वाइड अँगल लेन्स एक नव्हेत. फिशआयमध्ये मध्यातून न जाणाऱ्या सरळ रेषा कमानीसारख्या वाकतात. फोकल लेंथचा आकडा लहान आणि किंमत कमी पाहून फिशआय घेतली जाते आणि नंतर पस्तावा होतो. लेन्सच्या नावात तो शब्द आहे का, ते आधी पाहावे.

## टप्पा ४: प्राइम की झूम, याचा निर्णय

तिसऱ्या टप्प्यात एकाच फोकल लेंथकडे बोट गेले असेल तर प्राइम, म्हणजे एकच ठरलेली फोकल लेंथ असलेली लेन्स, घ्यावी. दोन-तीन आकडे आले असतील तर झूम. समान खर्चात प्राइम साधारणपणे मोठे अ‍ॅपर्चर देते (एफचा आकडा जितका लहान, तितके अ‍ॅपर्चर मोठे) आणि वजनाने हलकी असते. कॅननची आरएफ १६ मिमी एफ २.८ केवळ १६५ ग्रॅमची आहे, आणि सोनीची २० मिमी एफ १.८ जी ३७३ ग्रॅमची. जेथे पाय हलवता येत नाहीत, म्हणजे कड्याच्या टोकावर, गर्दीत किंवा मंचासमोर, तेथे मात्र झूमला पर्याय नाही. द्विधा मन:स्थिती असेल तर झूम घेऊन सहा महिन्यांनी दुसऱ्या टप्प्यातली छाननी पुन्हा करावी. आपली खरी फोकल लेंथ त्यातून कळते.

## टप्पा ५: अ‍ॅपर्चरसाठी किती मोजावे

एफ २.८ म्हणजे चांगली आणि एफ ४ म्हणजे तडजोड, ही समजूत वाइड अँगलच्या बाबतीत सर्वाधिक पैसे वाया घालवते. रुंद लेन्समध्ये फोकसची खोली, म्हणजे जवळून दूरपर्यंत स्पष्ट दिसणारा भाग, मुळातच मोठी असते. फुल फ्रेमवर १६ मिमी आणि एफ ८ ठेवून सुमारे १.१ मीटरवर फोकस केला तर साधारण ५५ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सारे स्पष्ट येते. २४ मिमीवर हेच अंतर सुमारे २.४ मीटर असते आणि स्पष्टता १.२ मीटरपासून सुरू होते. मोठ्या आकाराची छपाई करायची असेल तर फोकस त्यापेक्षा थोडा पुढे न्यावा किंवा एफ ११ वापरावे. दिवसाउजेडी निसर्गदृश्ये आणि ट्रायपॉडवरून इमारती टिपणारा माणूस वर्षभर एफ ८ आणि एफ ११ यांच्यातच वावरतो. एफ २.८ साठी त्याने मोजलेला पैसा लेन्सबरोबर केवळ वजन वाढवतो: कॅननची ईएफ १६-३५ मिमी एफ ४ ६१५ ग्रॅमची आहे, तर तिचीच एफ २.८ ची तिसरी आवृत्ती ७९० ग्रॅमची.

हातात कॅमेरा धरून मंद प्रकाशात टिपणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: विषय हलतो का? विषय स्थिर असेल, जसे की जुनी वास्तू किंवा रिकामे सभागृह, तर लेन्समधले किंवा कॅमेऱ्यातले स्थिरीकरण (हात हलल्याने चित्र धूसर होऊ नये यासाठीची सोय) मोठ्या अ‍ॅपर्चरपेक्षा जास्त उपयोगी पडते. नाचणारी, चालणारी माणसे असतील तर स्थिरीकरणाचा काहीही उपयोग नाही. तेथे शटरचा वेग लागतो आणि त्यासाठी एफ २.८ किंवा त्याहून मोठे अ‍ॅपर्चरच हवे.

रात्रीच्या आकाशासाठी मात्र अ‍ॅपर्चरवर केलेला खर्च सार्थकी लागतो. तारे रेषांसारखे ओढले जाऊ नयेत म्हणून शटर किती सेकंद उघडा ठेवता येईल, याचा जुना नियम म्हणजे ५०० ला फोकल लेंथने भागणे. त्याने १४ मिमीवर सुमारे ३५ सेकंद आणि २४ मिमीवर सुमारे २० सेकंद मिळतात. आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर एवढ्या वेळात तारे लांबट दिसू लागतात, म्हणून मी ५०० ऐवजी ३०० घ्यावे असे सुचवेन. मग हेच आकडे सुमारे २० आणि १२ सेकंद होतात. इतक्या कमी वेळात एफ ४ ने जितका प्रकाश आत येतो, त्याच्या दुप्पट एफ २.८ ने येतो आणि सुमारे पाचपट एफ १.८ ने. शिवाय तारा हा प्रकाशाचा बिंदू असल्याने तो किती ठळक येईल, हे अ‍ॅपर्चरच्या प्रत्यक्ष व्यासावरही ठरते. फोकल लेंथला एफच्या आकड्याने भागले की तो व्यास मिळतो. १४ मिमी एफ २.८ मध्ये तो ५ मिमी, तर २० मिमी एफ १.८ मध्ये ११ मिमी असतो. म्हणूनच अंधुक ताऱ्यांसाठी थोडी कमी रुंद पण मोठ्या अ‍ॅपर्चरची प्राइम अनेकदा सरस ठरते.

पडताळणी: आपल्या कामातील किती छायाचित्रे एफ ४ पेक्षा मोठ्या अ‍ॅपर्चरवर काढली जातात, हे जुन्या छायाचित्रांच्या माहितीतून पाहावे. दहांत एकही नसेल तर एफ ४ ची लेन्स पक्की करावी आणि मागे वळून पाहू नये.

## टप्पा ६: समोरची काच, फिल्टर आणि किमान फोकस अंतर

फार रुंद लेन्सेसपैकी अनेकींची समोरची काच फुगीर असते आणि तिच्यावर आट्यांचा फिल्टर बसत नाही. निकॉनची २००७ मधली एएफ-एस १४-२४ मिमी एफ २.८ हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण. तिला मोठ्या चौकोनी फिल्टरांची वेगळी चौकट लागते आणि त्या साऱ्या संचाचा खर्च व वजन लेन्सच्या हिशेबात कोणी धरत नाही. याउलट निकॉनचीच झेड १४-३० मिमी एफ ४ ही ८२ मिमीचा साधा फिल्टर घेते. धबधबे आणि समुद्र दीर्घ शटरने टिपणाऱ्याने, म्हणजे ज्याला एनडी (प्रकाश कमी करणारा गडद) फिल्टर लागतोच त्याने, ही बाब इतर सर्व गुणांच्या आधी पाहावी.

चकाकी घालवणाऱ्या आणि आकाश गडद करणाऱ्या पोलरायझर फिल्टरबद्दल एक इशारा द्यायला हवा. आकाशातील प्रकाशाचे ध्रुवीकरण सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असते आणि दोन्ही बाजूंना ते कमी होत जाते. २४ मिमीपेक्षा रुंद लेन्समध्ये आकाशाचा इतका मोठा भाग येतो की एक पट्टा गडद निळा आणि बाकी फिकट, असे डागाळलेले आकाश मिळते. पाण्यावरची किंवा ओल्या पानांवरची चकाकी घालवण्यासाठी हा फिल्टर उत्तम आहे, पण रुंद चौकटीत मोकळे आकाश असेल तेव्हा तो काढून ठेवावा.

किमान फोकस अंतर लेन्सच्या पुढच्या टोकापासून नव्हे, तर सेन्सरच्या पातळीपासून मोजलेले असते. माहितीपत्रकात २५ सेंटिमीटर लिहिले असेल तर वस्तू लेन्सच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटरवर असू शकते. जवळ जाऊन रचना करणाऱ्यासाठी हा आकडा एफच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे.

## टप्पा ७: कोणते दोष चालतील, ते ठरवा

निर्दोष वाइड अँगल लेन्स मिळत नाही. आपल्या विषयाला कोणता दोष बाधतो, एवढेच पाहायचे असते.

रेषा बाहेरच्या बाजूला फुगणे हा दोष सॉफ्टवेअरने सहज दुरुस्त होतो. मध्ये फुगून कडेला उलट वळणारी, मिशीच्या आकाराची वक्रता मात्र त्या लेन्सचे अचूक प्रोफाइल (तिच्या दोषांची सॉफ्टवेअरसाठीची नोंद) नसेल तर नीट निघत नाही. इमारती टिपणाऱ्याने अशी लेन्स टाळावी. कोपरे काळवंडणे हे रुंद लेन्समध्ये काही प्रमाणात अटळ असते आणि दुरुस्तही होते, पण कोपरे उजळले की तेथील नॉइजही (दाणेदारपणाही) वाढतो, हे रात्रीची चित्रे काढणाऱ्याने ध्यानात घ्यावे. हलक्या, आटोपशीर मिररलेस (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या) लेन्सेसपैकी काहींची रचनाच अशी असते की वक्रतेची दुरुस्ती कॅमेऱ्याने करावी हे गृहीत धरलेले असते. वर उल्लेखलेली आरएफ १६ मिमी ही त्यांपैकी एक. त्यात गैर काही नाही, परंतु दुरुस्तीत कोपरे ताणले जाऊन तेथील तपशील किंचित सैल होतो.

कोमा हा दोष सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. त्यामुळे कोपऱ्यांतील तारे पंख पसरलेल्या पाखरासारखे दिसतात. सूर्य किंवा दिवे चौकटीत आल्यावर पडणारे प्रकाशाचे डागही पुसणे कठीण असते. रात्रीचे आकाश टिपणाऱ्याने कोमाचे नमुने आणि सूर्योदय-सूर्यास्त टिपणाऱ्याने प्रखर प्रकाशाचे नमुने पूर्ण आकारात पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

## टप्पा ८: आता बजेट मांडा

आतापर्यंतच्या टप्प्यांतून एक वाक्य तयार झालेले असावे. उदाहरणार्थ: मला एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी फुल फ्रेमच्या भाषेत १६ ते २७ मिमी देणारी, साधा फिल्टर घेणारी हलकी झूम हवी, एफ ४ पेक्षा मोठे अ‍ॅपर्चर नको. असे वाक्य हाती असले की खर्चाचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो, कारण नको असलेल्या गुणांसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. त्या वाक्याला कॅननची ईएफ-एस १०-१८ मिमी एफ ४.५-५.६ ही २४० ग्रॅमची, ६७ मिमीचा फिल्टर घेणारी आणि स्थिरीकरण असलेली लेन्स नेमकी बसते, आणि तिच्यापेक्षा कितीतरी पट महाग लेन्स त्या माणसाला तिच्याहून जास्त उपयोगी पडणार नाही.

बजेटचा आकडा लेन्सचा नसून संपूर्ण संचाचा असावा. त्यातून आधी फिल्टर, हूड (तिरका प्रकाश अडवणारी कड) सोबत येत नसल्यास हूड आणि गरज असल्यास अ‍ॅडॉप्टर (दुसऱ्या माउंटची लेन्स जोडणारे कडे) यांची रक्कम वजा करावी, आणि उरलेल्या रकमेत लेन्स बसवावी. ट्रायपॉड डगमगता असेल तर स्वस्त लेन्स आणि चांगला ट्रायपॉड ही जोडी महाग लेन्स आणि वाईट ट्रायपॉड या जोडीपेक्षा चांगली चित्रे देते.

पैसे अपुरे पडत असतील तर तडजोड पुढील क्रमाने करावी. सर्वांत आधी अ‍ॅपर्चर सोडावे. त्यानंतर ऑटोफोकस सोडावा. निसर्गदृश्ये आणि तारे हाताने फोकस करूनच उत्तम टिपले जातात, आणि सॅमयांगसारख्या कंपन्यांच्या हाताने फोकस करायच्या लेन्सेस त्यामुळेच स्वस्त पडतात. मग नव्याऐवजी वापरलेली लेन्स पाहावी. सिग्मा, टॅमरॉन आणि टोकिना यांच्या लेन्सेसचा विचारही याच पायरीवर करावा. फोकल लेंथ मात्र शेवटपर्यंत सोडू नये. २० मिमीची गरज असताना स्वस्त मिळाली म्हणून २८ मिमी घेतली, तर खर्च कमी न होता दोनदा होतो.

सावधान: पुढेमागे फुल फ्रेम कॅमेरा घेईन म्हणून आज एपीएस-सी कॅमेऱ्यावर जड फुल फ्रेम वाइड लेन्स घेऊ नये. तो कॅमेरा येईपर्यंत रुंद दृश्य मिळतच नाही. कॅमेरा बदलण्याची तारीख पक्की असेल तेव्हाच हा नियम मोडावा.

## टप्पा ९: घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर तपासणी

वापरलेली लेन्स असेल तर तिची दोन्ही झाकणे काढून मागून टॉर्चचा प्रकाश टाकावा आणि पुढून तिरके पाहावे. जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे फाटे दिसले तर ती बुरशी असते. अशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी नाकारावी. दुधाळ पापुद्रा दिसला तरी तेच. धुळीचे दोन-चार कण चालतात. मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्या काचेवरच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक असतो. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक, झूमची रिंग फिरवताना खरखर, किंवा लेन्स हलक्या हाताने हलवल्यावर आतून सैल भागाचा आवाज, यांपैकी काहीही आढळल्यास विचारपूस करावी. काही लेन्सेसमधील स्थिरीकरणाचा भाग बंद अवस्थेत मुळातच हलतो, त्यामुळे त्या आवाजावरून लगेच निष्कर्ष काढू नये. कॅमेरा सुरू करून पुन्हा ऐकावे.

नवी असो वा जुनी, परत करण्याची मुदत संपण्याआधी पुढील चाचणी करावीच. मी स्वतः पहिल्या वाइड लेन्सच्या वेळी ती केली नव्हती. डावा कोपरा अस्पष्ट येतो हे लक्षात येईपर्यंत मुदत उलटून गेली होती, आणि पुढची दोन वर्षे मी प्रत्येक रचना त्या कोपऱ्यात महत्त्वाचे काही येणार नाही अशी बेतत राहिलो.

१. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवावा, स्थिरीकरण बंद करावे, दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे.

२. बारीक तपशील असलेली दूरची वस्तू, जसे की लांबच्या इमारतीची जाळी किंवा मोबाइलचा मनोरा, चौकटीच्या मध्यावर आणून काळजीपूर्वक फोकस करावा आणि मग फोकस मॅन्युअलवर टाकावा.

३. फोकसला हात न लावता कॅमेरा फिरवून तीच वस्तू क्रमाने चारही कोपऱ्यांत आणावी आणि प्रत्येक वेळी एक चित्र घ्यावे.

४. झूम असल्यास हीच चाचणी दोन्ही टोकांना आणि मध्यावर करावी. फोकल लेंथ बदलली की फोकस नव्याने करावा.

५. चारही कोपरे संगणकावर पूर्ण आकारात शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सच्या रचनेचा स्वभाव आहे. एफ ८ वर चाचणी पुन्हा करून ते किती सुधारतात ते पाहावे. तीन कोपरे स्वच्छ आणि एक स्पष्टपणे धूसर असेल, तर आतील काचा केंद्रातून सरकलेल्या आहेत. हा दोष अ‍ॅपर्चर लहान करून झाकला जाईल, पण जाणार नाही. विटांच्या भिंतीसमोर ही चाचणी करणे टाळावे, कारण कॅमेरा भिंतीला किंचितही तिरका राहिला तरी एक बाजू धूसर येते आणि चांगली लेन्स उगाच परत जाते.

एक कोपरा धूसर आढळल्यास त्याच दिवशी चाचणी पुन्हा करावी, ट्रायपॉड आणि फोकस तपासावा, आणि निकाल तोच आला तर सर्व चित्रे सोबत देऊन लेन्स बदलून मागावी. बदलून आलेल्या लेन्सची चाचणीही पहिल्या क्रमांकापासूनच करावी.